पिना कोलाडा : अननस तिथला, नारळ इकडचा

'पिना कोलाडा' म्हणजे रम, अननस आणि नारळाचं कॉकटेल. या स्पॅनिश नावाचा अर्थ मात्र एवढाच : गाळलेला अननस. नावात ना नारळ, ना रम.

१४९३ साली कोलंबस दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा जहाजात उसाचं बेणं होतं; रम बनते ती याच उसापासून. कॅरिबियनमधल्या ग्वादेलूप बेटावर त्याच्या माणसांनी पहिल्यांदा अननस चाखला आणि नोव्हेंबरात ती मंडळी तिथल्याच पुएर्तो रिको बेटावर पोहोचली. पाइनच्या बोंडासारखं दिसतं म्हणून स्पॅनिशांनी या फळाला 'पिन्या' म्हटलं. पोर्तुगीजांनी मात्र ब्राझीलमधल्या तुपी भाषेतला शब्द उचलला. तोच फळासोबत आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि 'अननस' झाला. नारळाचा प्रवास उलटा. हिंदी महासागराकाठचं हे झाड पोर्तुगीजांनी आफ्रिकेला वळसा घालून केप व्हर्दे बेटांवर नेलं आणि तिथून सोळाव्या शतकातच ते कॅरिबियनमध्ये रुजलं.

मग ऊस, अननस, नारळ सगळं हाताशी असताना हे पेय विसाव्या शतकापर्यंत का थांबलं? सोलकढीसाठी नारळ खवून, वाटून, फडक्यातून पिळणाऱ्याला उत्तर विचारायला नको. घरच्या चार वाट्यांसाठी हा खटाटोप ठीक, पण बारमध्ये दर ग्लासामागे कोण करणार? तो सोडवला पुएर्तो रिकोच्या विद्यापीठातले प्राध्यापक रामोन लोपेझ इरिझारी यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी नारळाचा घट्ट रस यंत्राने काढून, साखर घालून डबाबंद केला : 'कोको लोपेझ'. माझ्या मते या पेयाचा खरा जनक हा डबाच.

श्रेय मात्र बारटेंडरांत वाटलं गेलं. पुएर्तो रिकोची राजधानी सान हुआनमधलं कारिबे हिल्टन हॉटेल सांगतं की रामोन 'मोंचितो' मारेरो यांनी १९५४ साली ते तिथे बनवलं. जुन्या शहरातल्या बाराचिना रेस्टॉरंटच्या भिंतीवर दावा आहे १९६३चा, रामोन पोर्तास मिंगोत यांच्या नावाने. (हेही रामोनच!) १८२५ साली मृत्युदंड झालेला समुद्री लुटारू कोफ्रेसी खलाशांना हेच पाजायचा, ही कथा गोड आहे, तिला पुरावा नाही. १९७८ साली पुएर्तो रिकोने पिना कोलाडाला आपलं अधिकृत पेय ठरवलं.

आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेचं प्रमाण : पांढरी रम ५० मिली, अननसाचा ताजा रस ५० मिली, नारळाचं क्रीम ३० मिली. बर्फासोबत मिक्सरमधून फिरवायचं, वर अननसाची फोड. कारिबे हिल्टनच्या कृतीत दुधाची सायही पडते आणि अननसाचा रस कितीतरी जास्त. मला ते जड वाटतं. आपल्याकडे मिळणारं डब्यातलं नारळाचं दूध बहुधा बिनसाखरेचं आणि पातळ असतं. तेच ओतलं तर पेय सपक होतं, म्हणून त्याचा वरचा घट्ट थर तेवढा घ्या आणि साखर आधीच विरघळवून घ्या.