काडतुसाच्या कडेतली ठिणगी

स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक जिंकलं, आणि आमच्या कुडाळकडच्या शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असलेल्यांना पॉइंट टू-टूचं, म्हणजे त्या स्पर्धेत वापरतात त्या .२२ इंची बारीक काडतुसाचं, वेड लागलं. ‘माझ्या एकनळी बंदुकीत एक बारीक नळी बसवली की ती गोळी चालेल ना?’ माकडांनी नारळ आणि केळी संपवत आणलेला माणूस असं विचारणारच. पण अडतं ते नळीपाशी नाही, काडतुसावर आपटणाऱ्या पिनेपाशी.

मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध वाटोळी टोपी बसवलेली दिसते. पिन तिच्यावर आपटते, आतला स्फोटक मसाला चिरडतो आणि ज्वाळा दारूत शिरते. पॉइंट टू-टूचं बूड मात्र सपाट, कोरं. तिथे मसाला असतो पितळी पत्रा दुमडून झालेल्या पोकळ कडेत. ओला मसाला कवचात टाकून कवच गरगर फिरवतात, की तो कडेच्या घडीत जाऊन बसतो. त्यात लेड स्टिफ्नेट हे ठोक्याने पेटणारं स्फोटक असतं, बहुधा घर्षणासाठी काचेची पूडही. पिनेने कडा चेपली की दोन पत्र्यांमधला मसाला पेटतो. एकनळीच्या पिनेसारखा मध्यावर ठोका मारलात तर नुसता पोचा पडेल.

आता खरी गंमत. कडा चेपायची तर पत्रा पातळ हवा, आणि पातळ पत्रा फार दाब सोसत नाही. म्हणून इथे कमाल दाब सुमारे १६५ मेगापास्कल, तर .३०८ विंचेस्टर या मोठ्या रायफलच्या काडतुसात ४०० च्या वर. पेटण्याची सोयच या काडतुसाची ताकद बांधून ठेवते.

ब्रिटिशांनी सरावासाठी .३०३ ली-एनफील्ड या लष्करी रायफलची पॉइंट टू-टू केली तेव्हा नळी तर बदललीच, पण बोल्टचं, म्हणजे काडतुसामागे बसणाऱ्या सरकत्या दांड्याचं, डोकंही बदललं, ठोका कडेवर पडावा म्हणून. एनसीसीवाल्यांना ती रायफल आठवत असेल. हे कसलेल्या आर्मररचं, म्हणजे बंदुकांच्या कारागिराचं काम. परवान्याशिवाय असा बदल १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे. वेल्डिंगवाल्याकडे न्यायची ती चीज नव्हे.

बार झाला नाही की ‘देवचाराने धरला’ म्हणणारेही भेटतात. देवचाराला कशाला त्रास? मसाला कडेभर सारखा पसरला नसेल तर ठोका रिकाम्या जागी बसतो. आषाढातल्या दमट हवेत माळ्यावर पडलेली काडतुसं सर्दावतात, ते वेगळंच. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला रोखून निदान अर्धा मिनिट थांबावं. बार कधीकधी उशिरा होतो.