बिनसरच्या बंगल्यामागचे ओझे

उत्तराखंडच्या कुमाऊं भागातल्या बिनसरला आज मुक्काम करायचा म्हणजे बांज-बुरांशाचे (ओक आणि ऱ्होडोडेंड्रॉनचे) जंगल, शेकोटी आणि खिडकीतून दिसणारी नंदादेवी-त्रिशूळची रांग. गाडी थेट दाराशी येते. या विश्रांतीला मोठा इतिहास आहे, आणि तो सगळाच सुखाचा नाही.

काठगोदामपर्यंत रेल्वे आली १८८४मध्ये. तिथून पुढे घोडे, डांड्या (माणसांनी खांद्यावरून वाहायच्या खुर्च्या) आणि माणसांच्या पाठी. साहेबांचा दौरा निघाला की तंबू, ट्रंका, पलंग गावकरी वाहायचे. ही 'कुली बेगार'. गावच्या वहीत घरांची नावे असत, पाळी आली की शेत अर्धवट टाकून जावे लागे. मोबदला मिळाला तर नाममात्र, बेगारीत तोही नाही. 'बर्दायश' म्हणून दूध, धान्य, लाकूडही पुरवायचे. डाकबंगल्यांच्या आणि जंगलखात्याच्या विश्रामगृहांच्या आरामाचे वर्णन करताना हे विसरून चालणार नाही.

जानेवारी १९२१, बागेश्वरची उत्तरायणी जत्रा. आपल्याकडे तिळगूळ वाटला जात होता, त्याच संक्रांतीच्या दिवसांत स्वातंत्र्यसैनिक बद्रीदत्त पांडे यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक शरयू-गोमतीच्या संगमावर जमले. बेगार करणार नाही अशी शपथ घेतली आणि त्या वह्या शरयूत फेकल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची पाळी पाण्यात वाहून गेली. सरकारला प्रथा मागे घ्यावी लागली. माझ्या मते कुमाऊंच्या पर्यटनाची खरी सुरुवात इथून धरायला हवी, कारण त्यानंतर ओझे उचलणारा मजुरी ठरवू शकला, नाहीही म्हणू शकला.

बिनसरजवळची 'खाली' नावाची इस्टेट याच बदलाची साक्षीदार. १८५६ ते १८८४ कुमाऊंचे कमिशनर असलेल्या हेन्री रॅमसे यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. पुढे ती रणजित सीताराम पंडित यांच्याकडे आली. घराणे मूळचे कोकणातले, जन्म राजकोटचा, विजयालक्ष्मी नेहरूंशी लग्न झाले तेही १९२१मध्येच. काश्मीरच्या राजांचा संस्कृत इतिहास 'राजतरंगिणी' इंग्रजीत आणणारा हा विद्वान स्वातंत्र्यलढ्यात पुन्हापुन्हा तुरुंगात गेला आणि १९४४मध्ये वारला, तोही १४ जानेवारीला. मराठी प्रवाशांना हे घर कुणाचे होते हे बहुधा ठाऊक नसते, याची हळहळ वाटते.

'खाली' इस्टेटीत आता पर्यटक उतरतात. भोवतालचे जंगल १९८८पासून अभयारण्य आहे.