टीसीपी रॅपर्स आणि लिबरॅप

टीसीपी रॅपर्स ही युनिक्स आणि लिनक्स सर्व्हरवरील नेटवर्क सेवांसाठी, जोडणी कोणत्या यंत्राकडून आली ते पाहून प्रवेश देणारी किंवा नाकारणारी व्यवस्था आहे. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन तंत्रज्ञान विद्यापीठात वीट्झे व्हेनेमा यांनी ती १९९० मध्ये लिहिली. विद्यापीठाच्या संगणकांत शिरणाऱ्या एका घुसखोरावर नजर ठेवणे हा मूळ हेतू होता. पोस्टफिक्स ही मेल प्रणालीही व्हेनेमा यांचीच.

त्या काळी बहुतेक सेवा, जोडणी आली की, आयनेटडी हा प्रोग्राम सुरू करून देई. त्याच्या आणि खऱ्या सेवेच्या मध्ये टीसीपीडी हा छोटा प्रोग्राम बसवला जाई. तो आलेल्या जोडणीची नोंद सिसलॉग या यंत्रणेच्या नोंदवहीत करी, नियम तपासी आणि मग खऱ्या सेवेला जागा देऊन स्वतः बाजूला होई. एसएसएचडी या दूरस्थ लॉगिनच्या सेवेसारख्या सतत चालू राहणाऱ्या सेवांना हा मार्ग सोयीचा नव्हता. त्यांच्यासाठी हीच तपासणी लिबरॅप या लायब्ररीतून उपलब्ध झाली.

नियम इटीसी डिरेक्टरीतल्या होस्ट्स.अलाउ आणि होस्ट्स.डिनाय या दोन फाइलींत असतात. आधी अलाउ वाचली जाते. जुळणारी ओळ सापडली की प्रवेश मिळतो. नाही तर डिनाय वाचली जाते; तिथे जुळले की नकार. दोन्हींत काहीच जुळले नाही तर प्रवेश मिळतो, आणि फाइल नसेल तर ती रिकामी मानली जाते. म्हणून डिनायमध्ये ‘ऑल : ऑल’ (सर्व सेवा, सर्व यंत्रे) लिहिल्याशिवाय अलाउमधल्या काटेकोर यादीला अर्थ नाही. फाइली प्रत्येक जोडणीला नव्याने वाचल्या जातात, त्यामुळे सेवा पुन्हा सुरू करावी लागत नाही. चुकीचा नियमही अर्थातच तितक्याच तत्परतेने लागू होतो.

चुका बहुधा क्षुल्लक असतात. ‘१९२.१६८.१.’ यातला शेवटचा टिंब गाळला तर नियम त्या जाळ्यातल्या एकाही यंत्राला लागू होत नाही. मूळ ७.६ आवृत्तीला जाळ्याचा आकार सांगणारी ‘/२४’ ही छोटी खूण कळत नाही, तिथे २५५.२५५.२५५.० असा पूर्ण मास्क द्यावा लागतो. फाइलीची शेवटची ओळ एंटर न देता संपवली तर लॉगमध्ये इशारा उमटतो आणि तेवढी ओळ वगळली जाते. ती नेमकी ‘ऑल : ऑल’ असेल तर दार उघडेच राहते. आयपीव्ही६ पत्ते चौकटी कंसात लिहायचे असतात, आणि त्याच यंत्रासाठी लिहिलेला आयपीव्ही४ नियम त्यांना लागू होत नाही. सेवेच्या जागी पोर्टचे नाव नव्हे तर प्रोग्रामचे नाव लागते: टेलनेट नव्हे, इन.टेलनेटडी.

स्वतःच्या सर्व्हरमध्ये ही तपासणी घालायला टीसीपीडी.एच हे हेडर आणि लिबरॅपची लिंक लागते. अलाउ_सिव्हेरिटी आणि डिनाय_सिव्हेरिटी हे दोन ग्लोबल पूर्णांक प्रोग्रामनेच घोषित करायचे असतात. ते विसरल्यास लिंकिंग अडते. जोडणी स्वीकारून फोर्क केल्यावर, म्हणजे प्रक्रियेची प्रत काढल्यावर, त्या प्रतीत (चाइल्ड प्रक्रियेत) रिक्वेस्ट_इनिट ला सेवेचे नाव आणि सॉकेटचा क्रमांक द्यावा, फ्रॉमहोस्ट ने पलीकडचा पत्ता भरून घ्यावा आणि होस्ट्स_ॲक्सेस बोलवावे. उत्तर शून्य आले तर नकार. रिफ्यूज हे फंक्शन नकाराची नोंद करून प्रक्रियाच संपवते, म्हणून ते मुख्य प्रक्रियेत कधीही बोलवू नये.

फोर्क आधी करण्यामागे ठोस कारणे आहेत. पत्त्यावरून यंत्राचे नाव काढणारा डीएनएस शोध रेंगाळू शकतो आणि तोवर इतर ग्राहक ताटकळतात. शिवाय होस्ट्स_ॲक्सेस आतून स्ट्रटोक आणि सेटजम्प ही सी भाषेतली फंक्शने वापरते, त्यामुळे एकाच प्रक्रियेत समांतर चालणाऱ्या अनेक थ्रेडनी ते एकाच वेळी बोलावणे धोक्याचे. नियमातला ‘ट्विस्ट’ पर्याय चालू प्रक्रियेच्या जागी दुसरा आदेश चालवतो. चाइल्डमध्ये ते ठीक, पण एकाच प्रक्रियेत सर्व ग्राहक सांभाळणारा सर्व्हर त्यात गिळला जातो. अशा सर्व्हरने सुरुवातीलाच रेसिडेंट या चलाला १ ही किंमत द्यावी. होस्ट्स_सीटीएल हे सोपे फंक्शन एका ओळीत काम करते, पण त्याला यंत्राच्या नावाऐवजी ‘अननोन’ दिले की डोमेननावावर लिहिलेले नकाराचे नियम मुकाट्याने निष्फळ ठरतात.

मुळातली मर्यादा अशी, की टीसीपी जोडणी पूर्ण झाल्यावरच तपासणी होते. स्कॅन करणाऱ्याला पोर्ट उघडेच दिसते आणि बाहेरचा माणूस प्रोग्रामपर्यंत पोहोचलेलाच असतो. ओपनएसएसएचने ऑक्टोबर २०१४ मधील ६.७ आवृत्तीत लिबरॅपचा आधार काढला. डेबियनने आपल्या पॅचने तो पुढे टिकवला. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मधून तर हे पॅकेजच गेले. नव्या कामासाठी लिनक्सची एनएफटेबल्स ही फायरवॉल किंवा सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीचा आयपीॲड्रेसअलाउ हा पर्याय बरा. जुन्या यंत्रावर मात्र नियम लिहिण्याआधी एलडीडी हा लायब्ररींची यादी देणारा आदेश चालवून त्या सेवेच्या लायब्ररींत लिबरॅप आहे का ते पाहावे. लिबरॅपला कोणी हाक मारीत नसेल तर फाइलीतले नियम कोणीच वाचत नाही, आणि लॉगमध्ये तशी तक्रारही उमटत नाही.