जेडला टाकी लागत नाही

आत्या मागच्या दिवाळीत टूरवरून आली आणि माझ्यासाठी एक हिरवं कासव घेऊन आली, मुठीत मावेल एवढं, गुळगुळीत, हातात धरलं की थंडगार. "खरं जेड आहे हो, चायनाचं," हे दोनदा सांगून झालं. ते टेबलावर ठेवून मी जेडबद्दल वाचायला बसलो आणि पहिलीच गोष्ट कळली ती अशी की हा दगड कोरतच नाहीत.

आपल्याकडे टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात ना, तर जेडवर टाकी चालतच नाही. चीनमध्ये हजारो वर्षं जे जेड वापरलं ते नेफ्राइट. (नेफ्रॉलॉजिस्टमधला नेफ्रो तोच हा, युरोपात हा दगड कमरेशी धरला की किडनीचं दुखणं जातं असं मानायचे. जात नाही.) कठीणपणाच्या मोहस् स्केलवर हा 6 ते 6.5, म्हणजे साध्या सुरीने ओरखडा उठत नाही. पण गारगोटी 7 आहे, तरी हातोडीच्या एका घावात फुटते. मग जेडच का फुटत नाही? नारळ आठवा. करवंटी कठीण, पण आपटली की खटकन दोन तुकडे, आणि वरचं सोडण मऊ असून सोलताना घाम काढतं, कारण त्याचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. नेफ्राइटच्या आत तेच चाललंय, सूक्ष्म तंतूंसारखे स्फटिक इतके गच्च विणलेले की भेग पुढे जायला लागली की दर पावलाला नवा तंतू आडवा येतो.

मग करायचं काय, तर घासायचं. ओली वाळू घ्यायची, तिच्यातले गारेचे कण जेडपेक्षा किंचित कठीण, आणि दोरी, बांबू, लाकूड यांनी ती वाळू दगडावर फिरवत राहायची. दोरी कापत नाही, बांबूही कापत नाही, कापते ती वाळू. सहाणेवर चंदन उगाळतो तसं, फक्त इथे खोड तासाभरात नव्हे तर कित्येक दिवसांत थोडंसं झिजतं.

हे कळल्यावर चीनमधल्या जेडच्या प्राण्यांकडे बघायची नजरच बदलते. ईशान्य चीनमधल्या होंगशान संस्कृतीत साधारण साडेपाच हजार वर्षांपूर्वी एक प्राणी करायचे, त्याला आता डुक्कर-ड्रॅगन म्हणतात: तोंड डुकरासारखं, मोठे डोळे, नाकावर सुरकुत्या आणि अंग गर्भासारखं गोल वळलेलं. तिथल्या न्यूहेलियांगच्या कबरींत असे तुकडे मृताच्या छातीवर सापडले. पाय नाहीत, सुटी शेपूट नाही, बाहेर आलेलं काहीच नाही. धार्मिक अर्थ जो असेल तो असो, पण मला वाटतं ज्याला प्रत्येक मिलिमीटर हाताने झिजवायचाय तो माणूस उगाच चार सुटे पाय करत बसणार नाही. शिवाय नंतरच्या काळात दूर पश्चिमेकडच्या खोतानच्या नद्यांतून जेड यायचं ते गोट्यांच्या रूपात, त्यामुळे गोट्यात मावेल तोच प्राणी. बसलेली म्हैस, मान मागे वळवलेलं बदक, पाय पोटाशी घेतलेला घोडा. गोट्याची तपकिरी साल पण फेकत नसत, तिथेच प्राण्याची पाठ किंवा शेपूट काढायचे.

भोकं तर बघण्यासारखी असतात. दोन्ही बाजूंनी पोकळ नळी वाळूत फिरवत आत जायचं, मध्ये कुठेतरी भेटायचं, आणि ती भेट क्वचितच नेमकी होते, मग आत एक छोटी पायरी राहते. ब्रिटिश म्युझियमच्या लोकांनी अशा खाचांचे सिलिकॉनचे ठसे घेऊन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितले, त्यावरून हाताने घासलंय की फिरत्या चाकाने ते ओळखता येतं.

1976 मध्ये चीनमधल्या आन्यांगला फू हाव या राणीची कबर मिळाली, इसवीसनपूर्व 1200 च्या आसपासची, न लुटलेली. त्यात जेडच्या 755 वस्तू, हत्ती, वाघ, पोपट सगळे. तोवर ब्राँझ आलं होतं, पण ब्राँझसुद्धा जेडपुढे मऊच, काम वाळूचंच.

मला सगळ्यात आवडतो तो हान घराण्याच्या काळातला, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा सिकाडा, म्हणजे मे महिन्यात झाडावर बसून कान किटवणारा तो किडा. मेलेल्या माणसाच्या जिभेवर जेडचा सिकाडा ठेवायचे, कारण हा किडा वर्षानुवर्षं मातीत राहतो आणि मग बाहेर येऊन कात टाकून उडतो. तोपर्यंत चाकं हातात आली होती, त्यामुळे मोजक्या सरळ ठाम रेघांत पंख, डोळे, पोट, संपलं. या शैलीला "हानचे आठ घाव" म्हणतात, घाव मोजून आठच असतात असं नाही.

आणि दुकानात झगमगतं ते गर्द हिरवं जेड बहुतेक वेळा वेगळंच खनिज असतं, जेडाइट, ते 18 व्या शतकापासून ब्रह्मदेशातून चीनमध्ये मोठ्या प्रमाणात यायला लागलं. चिनी भाषेत त्याला खंड्या पक्ष्याचं नाव आहे. दोन्ही वेगळी आहेत हे 1863 मध्ये दामूर नावाच्या फ्रेंच केमिस्टने दाखवलं, तोवर सगळंच जेड.

आता आपलं कासव. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवलं, 106 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य केला आणि कासव दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबतं ठेवलं, तळाला न टेकवता. काटा 40 ग्रॅम दाखवतो. हे कासवाएवढ्या पाण्याचं वजन, म्हणून भागाकार 2.65, म्हणजे दगड पाण्याच्या इतका पट जड. नेफ्राइट असतं तर 3 च्या आसपास, जेडाइट असतं तर 3.3. शिवाय टॉर्च मारला तर आत बारीक चमचम दिसते, अभ्रकाची. म्हणजे अ‍ॅव्हेंचरीन, गारगोटीचीच हिरवी बहीण. आणि बाजारात तिला म्हणतात काय, तर "इंडियन जेड", हा दगड आपल्याकडे भरपूर निघतो ना! म्हणजे कासव इथूनच तिकडे जाऊन परत आलेलं असायची शक्यता बरीच.

आत्याला सांगितलेलं नाही. ती आली की कासव शोकेसमध्ये पुढे असतं.