मोठ्या मंडळ्यांचे पाळक : मार्गदर्शन आणि सहपाळक गट

दर आठवड्याला सरासरी २,००० किंवा त्याहून अधिक लोक उपासनेला येत असतील, तर अमेरिकेतील हार्टफर्ड येथील धर्मसंशोधन संस्था त्या प्रॉटेस्टंट मंडळीला (चर्चच्या सभासदांच्या समुदायाला) ‘मेगाचर्च’ म्हणते. अशा मंडळीच्या प्रमुख पाळकाला (पास्टरला) एखाद्या अनुभवी ज्येष्ठाने दीर्घकाळ दिलेली साथ म्हणजे मार्गदर्शन (मेंटरिंग). साधारण तेवढ्याच मोठ्या मंडळ्या सांभाळणारे पाळक ठरावीक काळाने भेटून एकमेकांचे प्रश्न सोडवतात, तो सहपाळक गट. पाळकाला टिकवून धरण्यासाठी या दोन्ही पद्धती फार उपयोगी पडतात. मात्र पाळकावर देखरेख ठेवण्याचे काम त्यांच्याकडून होत नाही. तशी अपेक्षा जिथे धरली गेली, तिथे नुकसान झाले.

दीडदोनशे सभासदांची मंडळी असते तोवर पाळक घरोघरी जातो, प्रत्येकाला नावानिशी ओळखतो. संख्या हजारांत गेली की कामाचे रूपच पालटते. कर्मचारी नेमणे व काढणे, अंदाजपत्रक, इमारतीचे कर्ज, मुलांच्या सुरक्षेचे नियम, एकाच दिवशी तीनचार उपासना अशी कामे मागे लागतात आणि धर्मशास्त्राच्या शिक्षणात त्यांना फारशी जागा नसते. त्यातच एकटेपण येते. हाताखालचे सहकारी पगारासाठी त्याच्यावर अवलंबून असतात, वडील मंडळ (मंडळीतील ज्येष्ठांचे मंडळ) त्याच्या कामाचे मूल्यमापन करते आणि सभासदांना त्याच्याकडून धीर हवा असतो. मग मनातली शंका बोलायची कुणाजवळ? बार्ना या संस्थेच्या पाहणीत ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेतील ३८ टक्के आणि मार्च २०२२ मध्ये ४२ टक्के प्रॉटेस्टंट पाळकांनी मागच्या वर्षभरात सेवा सोडण्याचा विचार केल्याचे सांगितले. हे आकडे लहानमोठ्या सर्वच मंडळ्यांचे आहेत.

या प्रथेचे मूळ सांगताना बायबलमधील ‘निर्गम’च्या अठराव्या अध्यायातील इथ्रोचा दाखला देतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला त्याच्या सासऱ्याने हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेमायला सांगितले. गटाच्या रूपातील जुने उदाहरण लंडनचे आहे. धर्मगुरू जॉन न्यूटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७८३ मध्ये ‘एक्लेक्टिक सोसायटी’ सुरू केली. मोजके धर्मगुरू आणि काही सामान्य सभासद ठरावीक सोमवारी जमून एकच प्रश्न चर्चेला घेत. तिथल्या चर्चेतूनच १७९९ मध्ये चर्च मिशनरी सोसायटी उभी राहिली आणि पुढे तिने नाशिकला काम सुरू करून शरणपूरची वसाहत वसवली. चारचौघांच्या बैठकीला इतके दूरचे फळ क्वचितच येते.

आजच्या स्वरूपाची सुरुवात १९८४ मध्ये झाली. टेक्ससमधील केबल टीव्ही व्यावसायिक बॉब ब्यूफर्ड यांनी ‘लीडरशिप नेटवर्क’ स्थापन केले आणि मोठ्या मंडळ्यांच्या प्रमुख पाळकांना व्याख्यान न देता एकत्र बसवले. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर हे ब्यूफर्ड यांचे मार्गदर्शक होते. संस्थेने पुढे केलेला एक बदल मोलाचा ठरला. एकट्या पाळकाऐवजी प्रत्येक मंडळीचा चमू बोलावायचा, दोन वर्षांच्या काळात अनेकदा भेटायचे आणि दर भेटीअखेरीस पुढील सहा महिन्यांचा लेखी आराखडा सर्वांसमोर मांडायचा. चमू सोबत असला की पाळकाला परिस्थिती रंगवून सांगता येत नाही आणि घरी परतल्यावर निर्णय अमलात आणणारी माणसेही तयार असतात.

गट सहा ते दहा जणांचा असावा. चारजणांचा गट दोघे गैरहजर राहिले की बंद पडतो. बाराच्या वर गेला की दोघेतिघेच बोलतात. मंडळ्यांचा आकार जवळपास सारखा असावा, कारण आठशे लोकांची आणि आठ हजारांची मंडळी यांचे प्रश्न वेगळे असतात. एकाच शहरातील दोन मंडळ्या शक्यतो घेऊ नयेत. सभासद एकीकडून दुसरीकडे जात असतात आणि त्याचा सल मनात राहतो. महिन्यातून एकदा दीड तासाची व्हिडिओ बैठक आणि वर्षातून दोनदा दोनतीन दिवसांचा निवासी मुक्काम ही लय जमते. केवळ पडद्यावर चालणारे गट सहसा कामकाजाच्या गप्पांपुरते उरतात.

बैठकीत एकाच पाळकाचे प्रकरण घ्यावे. आदल्या आठवड्यात त्याने एक पान लिहून पाठवायचे : घडले काय, मी काय केले, आता मला कशाचा निर्णय करायचा आहे. बैठकीत दहा मिनिटे तो बोलतो. पुढची पंधरा मिनिटे इतरांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही. हा टप्पा पाळणे सर्वांत अवघड, कारण मोठ्या मंडळीच्या पाळकाला उत्तर देण्याचीच सवय असते. त्यानंतर वीसेक मिनिटे बाकीचे आपसांत चर्चा करतात आणि तो गप्प राहून टिपणे घेतो. शेवटी तो काय करणार व कोणत्या तारखेपर्यंत, हे सांगतो. पुढची बैठक त्या तारखेच्या विचारपूसीने सुरू व्हावी. सूत्रसंचालक प्रशिक्षित असावा आणि शक्यतो गटातील कुणाचा वरिष्ठ नसावा. उपस्थितीचे आकडे पहिल्या तासात निघाले, तर ती बैठक हातची गेली असे समजावे. ज्याची संख्या घटली आहे तो मग तोंड उघडत नाही.

मार्गदर्शक बहुधा निवृत्त प्रमुख पाळक असतो. केंटकीतील लुइव्हिल येथील साउथईस्ट ख्रिश्चन चर्चचे बॉब रसेल यांनी चाळीस वर्षांच्या सेवेनंतर २००६ मध्ये पद सोडले आणि पाळकांच्या छोट्या गटांसाठी काही दिवसांची निवासी शिबिरे घेणे सुरू केले. त्यांनी आपली जागा आधीच तयार केलेल्या सहकाऱ्याकडे सोपवली होती, म्हणून उत्तराधिकाराबद्दलच्या त्यांच्या शब्दाला वजन आहे. याच्या उलट कॅलिफोर्नियातील क्रिस्टल कॅथीड्रल. तिथे २००६ मध्ये पित्याने पुत्राकडे सूत्रे दिली, २००८ मध्ये ती काढून घेतली गेली आणि २०१० मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला. पाळक पन्नाशीत आला की त्याच्या वारसाचा विषय मार्गदर्शकाने स्वतःहून काढावा. पाळक तो काढत नाही. मार्गदर्शक समुपदेशक नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. नैराश्य, व्यसन किंवा वैवाहिक संकट दिसले की प्रशिक्षित तज्ज्ञाकडे पाठवणे हेच त्याचे काम.

सर्वांत मोठी गफलत आधार आणि उत्तरदायित्व यांची होते. सिअ‍ॅटलच्या मार्स हिल चर्चच्या देखरेख मंडळात बाहेरचे नामांकित पाळक व लेखक होते. २०१४ मध्ये प्रमुख पाळक मार्क ड्रिस्कॉल यांच्या वागणुकीबद्दल तक्रारी वाढल्या, तेव्हा त्या मंडळातून बाहेर पडलेल्या पॉल ट्रिप यांनी कारण स्पष्ट केले : रोजचा व्यवहार प्रत्यक्ष न पाहणाऱ्या दूरच्या मंडळाला हे काम जमणारे नाही. त्या वर्षअखेरीस मंडळी विसर्जित झाली. मात्र २००६ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या न्यू लाइफ चर्चमध्ये प्रमुख पाळक टेड हॅगर्ड यांच्यावरील आरोप बाहेर येताच बाहेरच्याच पाळकांच्या मंडळाने दोनतीन दिवसांत त्यांना पदावरून दूर केले. तिथे चर्चच्या लेखी घटनेनेच (नियमावलीनेच) त्या मंडळाला बडतर्फीचा अधिकार दिलेला होता. म्हणजे अधिकार लेखी हवा आणि माहिती पाळकाखेरीज इतरांकडूनही यायला हवी. आर्थिक पारदर्शकतेसाठी १९७९ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेतील ईसीएफए ही संस्था किमान पाच जणांचे आणि बहुसंख्य स्वतंत्र सदस्यांचे नियामक मंडळ मागते, ते याचसाठी. जो मित्र आहे त्यालाच न्यायाधीश केले की पाळक मित्रही गमावतो.

भारतात चेन्नई, हैदराबाद, बंगळूर येथे अशा मोठ्या मंडळ्या आहेत. महाराष्ट्रात चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या जुन्या संघटनांत पाळक बिशपला जबाबदार असतो आणि त्याची बदली होते, त्यामुळे वरून देखरेख असते. कमी पडतो तो बरोबरीच्यांचा मोकळा सहवास, कारण उद्याचा वरिष्ठ आजच्या बैठकीत बसलेला असू शकतो. स्वतंत्र मंडळ्यांत अडचण उलटी : मित्र मिळतात, पण विश्वस्त बहुतेक घरचेच. म्हणून गटात प्रवेश देताना न्यासपत्र, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालची नोंदणी आणि शेवटचा लेखापरीक्षण अहवाल मागावा. गोपनीयतेच्या लेखी करारातही एक अपवाद ठळकपणे घालावा. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. पाळकाने ती गोष्ट गटात विश्वासाने सांगितली असली, तरी ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही ती पोटात ठेवता येत नाही आणि हे त्याला पहिल्याच बैठकीत सांगायचे असते.