चाईचा किडा कुणी पाहिलाय?

पोराच्या डोक्यावर रुपयाएवढा टक्कलाचा डाग दिसला की आमच्या खान्देशात, चोपड्यापासून साक्रीपर्यंत, निदान ओट्यावरच होतं: ‘चाई लागली, किडा केस खातोय.’ मग लसूण घासायचा, डोकं सोलवटेपर्यंत.

असा किडा नसतोच. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. तिथली कातडी गुळगुळीत राहते. पण लहान मुलांत याच नावाखाली बऱ्याचदा वेगळंच निघतं: डोक्यातली बुरशी, म्हणजे गजकर्णच. उजेडात डोकं धरून नीट बघा. कोंड्यासारखे पापुद्रे, कातडीलगत तुटलेल्या केसांचे काळे ठिपके, मानेमागे हाताला लागणाऱ्या गाठी... हे दिसलं तर बुरशीचा संशय घ्यायचा.

खात्री करणं अवघड नाही. डॉक्टर पापुद्रे खरवडतात, तुटके केस उपटतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कल्चरला, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघायला, मात्र दोन ते चार आठवडे. डॉक्टरांच्या तपासणीच्या निळसर जांभळ्या दिव्याखाली (वूड्स लॅम्प) डाग चमकला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. आपल्याकडे नेहमी आढळणाऱ्या ट्रायकोफायटन या बुरशीच्या जाती त्यात बहुधा चमकतच नाहीत.

आणि मेडिकलवरून आणलेलं मलम? बुरशी केसाच्या आत असते, तिथवर ते पोचत नाही. पोटातूनच औषध लागतं, ग्रिसिओफुल्विन असेल तर साधारण सहा ते आठ आठवडे. पू भरलेली मऊ सूज आली तर गळू समजून चिरायला नेऊ नका, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. घरातल्या बाकीच्या पोरांचीही डोकी तपासा, फणी वेगळी ठेवा.