भारी सेटवर जुनी सीडीच का गोड लागते?

"सेट बदलला, आता प्रत्येक गाणं नव्यानं ऐकायचं!" नवा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर घेतल्यावर मीही असंच म्हटलं होतं. महिन्याभरात चित्र वेगळंच दिसलं. काही रेकॉर्डिंग उजळून निघाली, तर काही आवडते अल्बम दोन गाण्यांपुढे ऐकवेनात. दोष सेटचा नव्हता.

एका अल्बमची जुनी सीडी आणि बऱ्याच वर्षांनी निघालेली त्याचीच 'रीमास्टर' (मूळ रेकॉर्डिंगवर नव्यानं संस्कार केलेली) आवृत्ती मी ऑडॅसिटी या आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक उघडली. जुन्या सीडीचा आलेख करवतीसारखा, मध्येच उंच टोक आणि मग दरी. नवीचा आलेख म्हणजे सलग भिंत, वरून तासून काढलेली.

ही करामत लिमिटरची, म्हणजे आवाजाची उंच टोकं दाबणाऱ्या साधनाची. (या दाबण्यालाही कॉम्प्रेशनच म्हणतात; एमपी3 फाइल लहान करणारं कॉम्प्रेशन वेगळं, त्याची गल्लत नको.) सीडीसाठी आवाजाचं माप सेकंदाला 44,100 वेळा घेतात आणि प्रत्येक माप 16 बिटांत बसवतात. त्यामुळे आकडा 32,767च्या वर जाऊच शकत नाही. ते छत. ड्रमवर काठी पडतानाचा 'टक्' जेमतेम काही मिलिसेकंदांचा, पण मागून येणाऱ्या घुमाऱ्यापेक्षा कितीतरी उंच. आता सगळं गाणं 6 डेसिबलनं चढवायचं, म्हणजे प्रत्येक आकडा दुप्पट करायचा. छताला टेकलेली टोकं कुठे जाणार? लिमिटर येणारं टोक काही मिलिसेकंद आधीच हेरतो, आवाज झटकन खाली ओढतो आणि सावकाश सोडतो. टोकं दबली की बाकीचं सगळं वर चढवायला जागा होते.

पण त्याच्या हाती येतो तो एकत्र मिसळलेला आवाज. ड्रमसाठी ओढलं की गायिकेचा सूरही दबतो, पियानोही दबतो, आणि मग दोन्ही फुगत वर येतात. गाडीच्या घरघरीत हे कळत नाही, उलट तिथे सपाट आवाज सोयीचाच. शांत खोलीत, चांगल्या स्पीकरवर मात्र संगीताला धाप लागल्यासारखी वाटते. शिवाय श्रवणतंतू आवाज सुरू होताक्षणी सर्वांत जोरानं प्रतिसाद देतात आणि तोच आवाज चालू राहिला की मंदावतात. ज्या टोकानं ते जागे व्हायचे, तेच इथे कापलेलं.

मग असं करतात कशासाठी? मोठा आवाज चटकन आवडतो म्हणून. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933मध्येच दाखवलं, की हळू आवाजात कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. आवाज वाढवला की तो भरून येतो. 2008मध्ये मेटालिका या रॉक बँडच्या 'डेथ मॅग्नेटिक' अल्बमची गाणी 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये सीडीपेक्षा मोकळी वाजतात हे चाहत्यांनीच पकडलं, तेव्हा एकमेकांपेक्षा मोठ्यानं वाजण्याच्या या चढाओढीवर मोठा गदारोळ झाला.

अशा रेकॉर्डिंगवर महागड्या केबलचा इलाज सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. सोन्याचा मुलामा पिनेला गंजू देत नाही, एवढंच त्याचं काम. कापलेलं टोक कुठलीही तार परत आणत नाही.

स्ट्रीमिंगवर आता गाण्यांची सरासरी पातळी सारखी करतात. स्पॉटिफायवर ती साधारण उणे 14 एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप). त्यामुळे ओरडून वाजणारं गाणं आपोआप खाली येतं, तासलेलं मात्र तासलेलंच राहतं. मीही दोन्ही आवृत्त्यांचा आवाज जुळवून पुन्हा ऐकलं. जुन्या सीडीवर पहिल्याच ठोक्याला काठीचा टणका आणि ताणलेला पडदा वेगवेगळे ऐकू आले. नव्या आवृत्तीत त्याच जागी नुसता 'धप्'.